तिसरा टाकू नका

सिग्नल लागला तेव्हा ती बुटकी लाल गाडी माझ्या स्कूटरच्या शेजारी येऊन थांबली. चौकापर्यंत मी तिच्या मागेच होते, आणि तिसरा गिअर पडला की तिच्या पोटात काहीतरी कण्हत होतं. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसू नये असं आत्या नेहमी सांगते. पण गिअरबॉक्सचं दुखणं कानावर आलं की मला गप्प बसवत नाही. मी काचेवर टकटक केली.

काच खाली गेली. आत तिशीचा एक माणूस. दुमडलेल्या बाह्या, हात गिअरच्या दांड्यावर, आणि... लवंगेचा वास?

"तिसरा टाकू नका," मी म्हटलं.

"काय?"

"तिसरा गिअर. दुसऱ्यातच हळूहळू घरी जा."

"आणि टाकला तर?"

"तर चालत जाल."

तो हसला. सिग्नल सुटला. पहिला, दुसरा... आणि आरशातून माझ्याकडे बघत, अगदी मुद्दाम, हे मी शपथेवर सांगते, त्याने तिसरा टाकला.

कडाड!

चौकापलीकडे घरंगळत जाऊन गाडी कडेला लागली. मी स्कूटर थांबवली तर तो खाली उतरून माझीच वाट बघत होता.

"नजर लावलीत तुम्ही."

"नजर नाही, कान लावला होता. चला, टोईंगवाल्याला फोन करते."

आमच्या गॅरेजमध्ये फक्त गिअरबॉक्सची कामं होतात. आत्याने ते उभं केलं, मी तिच्या हाताखाली शिकले. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स खोलला तेव्हा तो समोर स्टुलावर बसला होता, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकासारखा. काळ्या तेलातून मी एकेक तुटका दात काढून ट्रेमध्ये ठेवत होते.

"आपण काय करता?" आत्याने विचारलं.

"दातांचा डॉक्टर आहे," तो खाली मान घालून म्हणाला.

आत्या इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्याने ट्रेमधला एक तुकडा उचलून गंभीरपणे न्याहाळला. "अक्कलदाढ दिसते. उशिरा आली. तिसरा टाकायच्या आधी यायला हवी होती."

आता मीही हसले. हसायचं नव्हतं, पण हसले.

मग मी त्याला आतला मुख्य शाफ्ट दाखवला. त्याच्यावरच्या सरळ खाचा पिळवटून तिरक्या झाल्या होत्या. "रविवारी रेसच्या ट्रॅकवर पळवायला इंजिनाचा जोर वाढवलात म्हणालात. पण तो जोर चाकांपर्यंत नेणारे शाफ्ट मूळचेच. बिचारे सहन करत राहिले... आणि एक दिवस दात गेले."

"बोलले नाहीत ते."

"बोलत होते. तुम्ही गाणी ऐकत होता."

हा आणि त्याच्या जोडीचा, दोन्ही शाफ्ट जास्त चिवट पोलादाचे घालायचे ठरले, गिअरसकट. एकच निवड त्याच्यावर होती. सरळ दातांचे गिअर दणकट, पण सतत रडतात. तिरके थोडे नाजूक, पण शांत.

"तिरके," तो लगेच म्हणाला. "दिवसभर ड्रिलचाच आवाज ऐकतो हो. गाडीत तरी शांतता हवी."

शाफ्ट यायला वेळ लागणार होता. पण हा मात्र दवाखाना बंद केला की रोज संध्याकाळी हजर. "पेशंट कसा आहे, उस्ताद?" मला उस्ताद म्हणायचा. आत्या चहा ठेवायची आणि काहीच न दिसल्यासारखं करायची, म्हणजे तिला सगळं दिसत होतं.

एकदा मी गिअर सरकवणारा पितळी फोर्क त्याच्यापुढे धरला. "एका बाजूने झिजलाय. तुम्ही हात दांड्यावर ठेवून गाडी चालवता ना? त्या हाताचं ओझं आत याच्यावर पडतं. गिअर बदलला की हात काढायचा."

"काढून ठेवायचा कुठे?"

"मांडीवर ठेवा. खिशात घाला. मला काय विचारता?"

त्याने फोर्क उलटसुलट करून पाहिला. "झीज बघायची झाली तर... तुमच्या खालच्या दातांची टोकं सपाट झालीत, उस्ताद. झोपेत दात खाता तुम्ही. ताण कसला असतो एवढा?"

माझी दातखीळच बसली. कोणी माझं हसणं इतकं जवळून पाहिलं असेल, असं मला वाटलं नव्हतं.

"कामाचा," मी म्हटलं. ते खरं नव्हतं. गिअरच्या तेलाला एक उग्र वास असतो. किती साबण लावा, नखांतून जात नाही. मागे एकाने मोठ्या प्रेमाने माझा हात हातात घेतला होता... आणि मग हळूच रुमाल काढून स्वतःची बोटं पुसली होती. तेव्हापासून मी हात मागे ठेवते. कोणी जवळचं वाटू लागलं की तर जास्तच. आणि आता हा डॉक्टर जवळचा वाटू लागला होता. वाटू लागला कसला, झाला होता. सहा वाजले की माझं लक्ष दारावर असायचं.

नवे शाफ्ट आले. ते बसवताना बेअरिंगच्या मागे कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या घालाव्या लागतात. जास्त झाल्या तर शाफ्ट जखडतो, कमी पडल्या तर डुलतो आणि महिन्याभरात गिअरबॉक्स घोंघावू लागतो. मी माप घेतलं. हातात शेवटची चकती होती आणि डोक्यात आत्याचं वाक्य: "गिऱ्हाईकाने पुन्हा तोंड दाखवलं नाही की समजावं, काम चोख झालं."

म्हणजे काम चोख झालं की हा पुन्हा येणार नाही.

ही एक चकती घातली नाही तर? फार काही नाही, बारीकसा आवाज येईल. तो येईल. पुन्हा स्टूल, पुन्हा चहा...

आत्या पलीकडे पाने-पकडी पुसत होती. तिने वरही पाहिलं नाही. "मन नाही ना लागत कामात? मग ठेव खाली. उद्या कर."

मी चकती बसवली. माप पुन्हा घेतलं, बोल्ट आवळले, आणि संध्याकाळी किल्ली त्याच्या हातात दिली.

"काही बिघडलं तर येईन," तो म्हणाला.

"बिघडणार नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

तो उगाचच जरा घुटमळला आणि गेला. गाडी इतक्या शांतपणे कोपऱ्यावर वळली की मला स्वतःचाच राग आला. नंतर बरेच दिवस ते स्टूल रिकामं राहिलं. आत्या मात्र सवयीने तीन कप चहा ठेवायची आणि तिसरा स्वतः प्यायची.

मग एका दुपारी, दवाखान्याच्या ऐन वेळेला, ती लाल गाडी दारात आली.

"आवाज येतोय," तो काचेतून म्हणाला. चेहरा ओढलेला.

मी माप दोनदा घेतलं होतं! हातही न धुता मी शेजारच्या सीटवर बसले. तो चालवू लागला. मी डोळे मिटून ऐकलं. पहिला... दुसरा... पुन्हा पहिला. बेअरिंग शांत, शाफ्ट शांत. उलट असा गिअरबॉक्स मी आजवर जोडला नव्हता.

"कुठे आहे आवाज?"

"नाहीये."

"म्हणजे?"

"हीच तर तक्रार आहे," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "काही म्हणता काही बिघडतच नाही. मी रोज कान लावून बसतो. परत यायला कारण काय सांगायचं, उस्ताद? शेवटी... खोटं बोललो."

हसू की रडू कळेना. मग वाटलं, त्याने सांगून टाकलं, आपणही सांगावं. "मला एक चकती कमी ठेवता आली असती. आवाज आला असता."

"मग का नाही ठेवलीत?"

"मग तुम्ही गाडीसाठी आला असतात."

पुढे सिग्नल लाल होता. तोच चौक. गाडी थांबली. त्याचा डावा हात शहाण्या मुलासारखा मांडीवर होता. त्याने तो उचलून आमच्या दोघांच्या मधे उलटा ठेवला, तळवा वर.

"मांडीवर ठेवून कंटाळा आला," तो हळूच म्हणाला.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. नखं काळी, वास तर गाडीभर झालेला. "तेलाचा वास आहे," मी म्हटलं.

"माझ्या हाताला लवंगेचा आहे. कपाळाला आठ्या घालशील, पण होईल सवय."

घालशील. 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, आणि त्याला कळलंही नव्हतं. मी हात त्याच्या हातात दिला. श्वास रोखून रुमालाची वाट पाहिली. तो आला नाही. त्याने माझी काळी बोटं फक्त घट्ट धरली.

सिग्नल सुटला. पहिल्यासाठी त्याने हात सोडला, दुसऱ्यासाठीही. मग माझ्याकडे बघून थांबला.

"तिसरा टाकू?"

"टाक," मी म्हटलं. "आणि हात परत आण."