लाल टेपचा वेढा

बस खाली. मोबाईलची बॅटरी बंद कर आधी, डोळ्यात येतेय. बाथरूमच्या पंख्याचा स्विच उद्या तू स्वतः बसवणार म्हणतोस ना? बसव. पण त्याआधी हे ऐक. तुम्हीही ऐका रे, आणि मध्येच फिदीफिदी हसायचं नाही.

माझ्या ओळखीचा एक वायरमन होता. अंगाने किडमिडीत, म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणायचे. कामाला मात्र चोख. गेल्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरातला शुक्रवार, रात्रीचे पावणेनऊ. दिवसभराची कामं उरकून तो घरी निघाला होता, तेवढ्यात एका बाईंचा फोन आला. त्या परगावी, घरी त्यांची म्हातारी आई एकटी, कानाने जड. बाथरूममधला हवा बाहेर फेकणारा पंखा दुपारपासून बंदच होत नव्हता, आता जळका वास यायला लागला होता. "काहीही करा, पण आजच बघा," बाई म्हणाल्या.

आता हा पंखा टायमरवाला. दिव्याचं बटण बंद केलं तरी फिरत राहतो, कारण त्याच्याकडे जाणारी एक वायर कायम चालू असते. म्हणून बाथरूमच्या दाराबाहेर, उंचावर, एक वेगळा स्विच लागतो, तिन्ही वायरी एकदम तोडणारा. त्या घरात तो कुणी बसवलाच नव्हता. बारक्याने ठरवलं, आज तेवढं करू, पंख्याचं उद्या बघू.

बोर्ड खाली, जिन्यामागे. बाथरूम वर. घर जुनं, फ्यूज ते पांढरे, चिनी मातीचे. त्याने दिव्यांचा फ्यूज उपसला, पंखा थांबला, घर अंधारलं. आणि इथे, ज्याच्याकडे बारक्या काम शिकला त्या वस्तादाची शिस्त काय होती? काढलेला फ्यूज बोर्डावर ठेवायचा नाही. त्याला लाल टेपचा एक वेढा द्यायचा, स्वतःच्या खिशात टाकायचा आणि खिशाचं बटण लावायचं. म्हणजे मागून कुणी शहाणा येऊन तो परत खुपसणार नाही. वस्तादाने हे जन्मभर पाळलं, एकदाच विसरला. वस्ताद शिडीवर, हातात उघडी वायर, आणि खाली कुणीतरी अंधार झाला म्हणून फ्यूज लावला. शिडी धरून बारक्याच उभा होता.

तर त्या शुक्रवारी फ्यूज हातात असतानाच बारक्याचा फोन वाजला. बायकोचा. लहानगी तापाने फणफणली होती, आणि बाबा आल्याशिवाय औषध घेणार नाही म्हणून हटून बसली होती. "आलोच, सांग तिला," असं म्हणताना त्याने फ्यूज बोर्डाच्या डोक्यावर ठेवला आणि बोलत बोलतच जिना चढला. चित्त सगळं पोरीपाशी.

वर त्याने टेस्टर लावून तिन्ही वायरी तपासल्या. एकीतही करंट नव्हता. कपाळाला बॅटरी बांधून शिडीवर चढला. फरशी खालीवर होती, शिडी डुगडुगत होती. पहिली वायर स्विचमध्ये कसली. दुसरी सोलायला घेतली...

आणि शिडी डुगडुगायची थांबली.

खालून कुणीतरी धरली होती.

"आजी, तुम्ही पडा जाऊन. मी करतो," तो म्हणाला. दोन्ही हात गुंतलेले, मान वळवता येईना.

नुसता श्वास. जवळून...

मग पकड सुटली. पावलं जिना उतरून गेली. सावकाश.

त्याने दुसरी वायर सोलली. आणि मग आजींचा आवाज आला. खालून. बोर्डापासून.

"अहो, व्हा ना बाजूला. फ्यूज लावू द्या मला. अंधारात किती वेळ बसायचं माणसाने?"

फ्यूज.

तो खाली राहिला होता. आणि दोन्ही हातांत उघडं तांबं.

"आजी..." बोटं उघडेनात. पोरगी डोळ्यांपुढे आली, औषधासाठी हटून बसलेली.

एक क्षण गेला. आणखी एक...

काही झालं नाही.

वायरी सोडून तो धडपडत खाली आला. खिडकीतून येणाऱ्या रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात आजी बोर्डासमोर उभ्या होत्या, चिडलेल्या. "तुमचा माणूस भारी हट्टी हो," त्या म्हणाल्या. "हात आडवा धरून उभा, नुसती मान हलवतो. अंगठा नव्हता बिचाऱ्याला. आत्ता गेला इथून."

बारक्या एकटाच आला होता. दाराला आतून कडी होती. आणि वस्तादाचा अंगठा जवानीतच मशीनमध्ये गेला होता, हे त्या आजींना कोण सांगणार?

त्याने बोर्डाच्या डोक्यावर हात फिरवला. धूळ होती. फ्यूज नव्हता.

मग त्याने छातीशी चाचपलं. खिशाचं बटण लावलेलं. आत काहीतरी जड. काढून बघायची त्याची छाती झाली नाही. आजींना मेणबत्ती लावून दिली, वर कुणी जायचं नाही असं दोनदा ओरडून सांगितलं, आणि घर गाठलं. फ्यूज आपल्या खिशात आहे तोवर त्या वायरी कुणाला काही करणार नाहीत, एवढं त्याला ठाऊक होतं.

पोरीला मांडीवर घेऊन त्याने औषध पाजलं. ती शहाण्यासारखी प्यायली, आणि नेहमीच्या सवयीने तिने बाबांच्या खिशाचं बटण काढून आत हात घातला.

"बाबा, याला हे लाल काय गुंडाळलंय?"

बारक्याच्या पिशवीत काळी टेप होती. वस्ताद गेल्यापासून लाल टेप त्याने कधी विकत घेतलीच नव्हती.