बत्तिसावा प्रश्न

दारात उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात घड्याळ लटकत होतं आणि हातात सुयांची डबी होती. काहीतरी विकायला आलाय, असं तिला वाटलं.

"नको," म्हणत तिनं दार लोटलं.

"मी काही विकत नाही हो," फटीतून आवाज आला. "तुमच्या आईंनी दहा सुया ओवलेल्या मला फक्त बघायच्यात."

आता असं बोलणाऱ्या माणसाबद्दल कुणाच्या मनात चांगला विचार येईल? तिच्या तर नाहीच. ती वीतभर कापड घेतानाही दोन्ही बाजूंनी उलटून बघायची. आई म्हणायची, "हिला देवानं समोर येऊन वर दिला, तरी ही आधी त्याचं ओळखपत्र मागेल."

मायलेकी घरी बसून शर्टांची काजं-बटणं करायच्या. आईला जवळचं धूसर दिसायचं, म्हणून सुई ओवून द्यायचं काम लेकीचं. मध्यंतरी एका संस्थेनं अशा दोनशे बायकांना शाळेत बोलावलं आणि चिठ्ठ्या काढल्या. निम्म्यांना लगेच चष्मा, निम्म्यांना वर्षानं. शेजारच्या मावशीला लगेचची चिठ्ठी आली, आईला वर्षानंतरची. मावशीचा भाचा त्याच शाळेत शिपाई होता. लेकीच्या दृष्टीनं गणित तिथंच सुटलं.

"चिठ्ठ्यांत पाणी मुरलंय," तो त्याच संस्थेचा निघाला म्हणून शेवटी त्याला आत घेतल्यावर तिनं तोंडावर सांगितलं.

"चिठ्ठी तर तुमच्या आईंनीच उचलली."

"डबा कुणाचा होता?"

"डबा..." तो विचारात पडला. "बिस्किटांचा होता."

आईला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही.

"ज्यांना चष्मे दिलेत त्यांच्याकडे जा ना. आम्ही काय घोडं मारलंय?"

"त्यांच्याकडेही जातो. पण समजा मावशींचं काम वाढलं. ते चष्म्यानं वाढलं, की यंदा सगळ्यांनाच काम जास्त होतं, हे कसं कळणार? तुमच्याकडे बघूनच ना..."

शेवटचं वाक्य बोलताना तो तिच्याकडेच बघत होता. ते लक्षात आल्यावर त्यानं घाईघाईनं कागदात मान घातली. त्याचे कान लाल झालेले तिनं पाहिले आणि मनात नोंदवून ठेवले.

मग दर महिन्याला तो येऊ लागला. एकतीस प्रश्न, दहा सुया आणि ते घड्याळ. आईची बोटं चाचपडायची, दोरा नेढ्याला चुकून बाजूनं जायचा, आणि तेवढा वेळ हा घड्याळवाला स्वतःचा श्वास रोखून बसायचा. मोजणाऱ्याला कशाला हवी एवढी कळकळ? तिला तेही संशयास्पदच वाटलं.

तिसऱ्या महिन्यात तिनं खडा टाकून पाहिला.

"एक चष्मा आणा ना गुपचूप. कुणाला कळणार आहे?"

तो आईच्या हातातल्या सुईकडे बघत राहिला.

"आणावासा वाटतो," तो हळूच म्हणाला. "पण मग मी जे मोजतो ते खोटं होईल. पुढं बाकीच्या वस्त्यांत चष्मे द्यायचे की नाही, ते या मोजणीवर ठरणार आहे."

दोन दिवस ती धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की तिला खूश करायला वाटेल ते कबूल करणारे पुष्कळ भेटले होते. तोंडावर नाही म्हणणारा हा पहिलाच. यामागंही काहीतरी असणार, असं ठरवून तिनं काजाला टाका घातला, तो चुकला आणि उसवावा लागला.

पाचव्या महिन्यात एकतीस प्रश्न संपले, तरी तो उठेना.

"घरातल्या मुलीचं लग्न... कुठं ठरलंय का?" कागदाकडे न बघता त्यानं विचारलं.

"हे का विचारताय?"

"प्रश्न आहे."

"बत्तिसावा?"

"हो... बत्तिसावा."

"नाही दिलं उत्तर, तर?"

"जागा मोकळी सोडतो," तो म्हणाला आणि निघाला. सुयांची डबी तिथंच राहिली.

पुढच्या आठवड्यात संस्थेची पडताळणीवाली बाई आली. मोजणारा खरंच घरोघरी जातो का, नीट विचारतो का, हे बघायला ही बाई काही घरी तेच प्रश्न पुन्हा विचारायची. बत्तिसावा येतो का, हे बघायला लेक टपूनच बसली होती. एकतीस झाले. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"बत्तिसावा राहिला की," ती म्हणाली.

"एकतीसच आहेत. का? त्यानं काय विचारलं?"

तिनं हातातलं काज खाली ठेवलं. म्हणजे तो प्रश्न संस्थेचा नव्हताच! आणि आपण आपल्याच तोंडानं...

"मुलीचं लग्न ठरलंय का, असं विचारलं," आईनं कोपऱ्यातून सांगून टाकलं.

बाईंनी लिहून घेतलं.

"त्यांची नोकरी जाईल का हो?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. आयुष्यभर लोकांच्या चोऱ्या पकडायची हौस होती, आणि आज पकडली तर ती परत लपवावीशी वाटत होती.

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग पिशवीतून एक कागद काढून पुढं केला. "दाखवू नये खरं तर. त्यानं त्याच संध्याकाळी लिहून दिलंय."

*या घरी मी फॉर्मबाहेरचा प्रश्न विचारला. तो माझा स्वतःचा होता. इथली मोजणी आता माझ्या हातून निष्पक्ष होणार नाही. कृपया दुसऱ्या कुणाला पाठवावं.*

तिनं कागद दोनदा वाचला. सवयीनं उलटून मागची बाजूही पाहिली. ती कोरी होती.

"बोलणी खाल्ली त्यानं, नोकरी आहे," बाई म्हणाल्या. "आता इथं मी येणार."

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी तो दारात आला. गळ्यात घड्याळ नव्हतं.

"डबी राहिली होती."

"डबी न्यायला आलात?"

"नाही."

तिनं दार पूर्ण उघडलं.

"अहो घड्याळवाले," आई म्हणाली, "आलात तर एक सुई ओवून द्या. मला मेलीला दिसतंय कुठं!"

तो बसला. दोरा नेढ्याला इतक्यांदा चुकला की त्याचं टोक पिंजून गेलं. ती मोठ्यानं आकडे मोजू लागली. चाळीसपर्यंत मोजून थांबली, त्याच्या हातातला दोरा घेतला, टोक ओलं करून पीळ दिला. सुई त्याच्याच बोटांत होती. तिनं त्याचं मनगट धरून स्थिर केलं आणि दोरा ओवला. मनगट मात्र तिनं लगेच सोडलं नाही.

"ती मोकळी जागा... भरली का कुणी?"

"नाही."

"मग भरा. नाही ठरलेलं, असं लिहा." ती थांबली. "पण पेन्सिलीनं हं! सात महिन्यांनी आईला चष्मा मिळेल. तिनं तुम्हाला नीट बघितलं, की मग पक्कं करू."

"एवढं दिसायला मला चष्मा लागत नाही गं," आई म्हणाली आणि सुईसाठी हात पुढं केला.