पोटाखालचा ठसा

"आधी गोड बोलायचं. नाहीच ऐकलं, तर चिमणी बोलेल," ताईने बेत सांगितला.

आठ वर्षांच्या चिमणीने ऐटीत मान डोलावली. सुट्टी लागल्यापासून या तिघा भावंडांच्या डोक्यात एकच बंदूक होती.

संग्रहालयातल्या काचेच्या पेटीत ती लांब नळीची, जुनी ठासणीची बंदूक होती. नळी मध्येच फाटलेली. ती फुटून मालकाचा जीव गेला, असं पाटीवर लिहिलं होतं आणि खाली कारागीर म्हणून पणजीच्या वडिलांचं नाव. त्या अपघातानंतर त्यांच्याकडे कुणी बंदुकीचं काम आणलं नाही. उरलेलं आयुष्य त्यांनी कुलपं दुरुस्त करण्यात काढलं. पणजी तर त्या इमारतीवरून जाणंही टाळायची.

पण मधल्या प्रश्नोबाला एक गोष्ट खटकली. पणजीच्या वडिलांचा पानाचा ठसा होता तो घोड्याच्या पट्टीवर. घोडा म्हणजे चाप ओढल्यावर आदळतो तो भाग. तो बिघडला की कोणीही कारागीर दुरुस्त करून आपला ठसा मारी. नळी घडवणारा मात्र नळीच्या पोटाखाली, लाकडात झाकेल असा ठसा मारतो. हे पणजीनेच कधीतरी सांगितलं होतं. मग नळी खोलून पाहिली कोणी?

कोणीच नाही, असं संग्रहालयाच्या व्यवस्थापकांनी तिघांना जांभई देत सांगितलं. पट्टीवर ठसा आहे ना, झालं तर. उगाच राईचा पर्वत करू नका.

"चल गं ताई," चिमणी म्हणाली. "यांना खोलता येत नसेल."

व्यवस्थापकांचे कान लाल झाले. तीस वर्षं इथे काढलेल्या माणसाला एवढीशी पोर असं म्हणते! त्यांनी पेटी उघडली, खिळी ठोकून काढल्या आणि नळी लाकडापासून सोडवली.

खाली मासा होता. पान नव्हतंच. कारागिरांच्या ठशांच्या जुन्या वहीत शोधल्यावर तो मासा सापडला, लांबच्या एका मोठ्या कारखान्याचा. व्यवस्थापक ओशाळून खुर्चीत बसले.

तिघं धावतच घरी गेली. पणजी आनंदाने टाळ्या वाजवेल असं त्यांना वाटलं होतं. तिने मात्र निवडत असलेली भाजी बाजूला सारली.

"बाबा सगळ्यांना सांगत होते, नळी माझी नाही, खोलून तरी बघा," ती म्हणाली. "बंदूक जप्त झालेली, त्यांना हात लावू देईनात. मी ताईएवढी होते. शाळेत मुली नाही नाही ते बोलायच्या. एकदा बाबांनी विचारलं, बाळ, तुला तरी पटतं ना? मी मान खाली घातली. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही."

ताईला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी घरची सगळी संग्रहालयात गेली. पाटी बदलली होती. पोरांनी नाव काढलं, असं जो तो म्हणत होता. व्यवस्थापकांनी तर चिमणीला नमस्कारच केला.

पणजीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने पेटीबाहेर ठेवलेल्या सुट्या नळीवरचा मासा बोटांनी चाचपला, मग अंगठ्याने घोडा मागे ओढून हळूच सोडला. वडिलांनी दुरुस्त केलेला तो घोडा इतक्या वर्षांनीही कुठे अडत नव्हता.

"पटतं, बाबा," ती म्हणाली आणि तिने चिमणीचा हात घट्ट धरला.