लुगड्यांचं काम

जळगावच्या मेहरूण तलावावरून आलेल्या वाऱ्यानं दिपमालाचे कागद उडाले आणि नेमके एका टेबलाखाली जाऊन विसावले. ती वाकली, टेबलामागचा तरुणही वाकला… आणि डोक्याला डोकं आदळलं.

"लागलं का हो?"

"नाही… तुम्हाला?"

"लागलं. पण तक्रार नाही!"

देवळाच्या मंडपात महिला उद्योजकांच्या नोंदणीचं शिबिर होतं. हा तरुण म्हणजे नवल. दिवसा लोकांचे अर्ज भरायचा, संध्याकाळी त्याच मंडपात कीर्तनाला टाळ धरायचा.

"उद्योग विचार करून निवडा," तो म्हणाला. "प्रमाणपत्रावर जे लिहाल, त्याच प्रकारची सरकारी कामं मिळतील. तुमचं काय काम?"

दिपमाला कागद सरळ करत राहिली. शिंदखेड्याला ती आणि आळीतल्या बायका जुन्या लुगड्यांची पोतेरी शिवायच्या. म्हणजे फरशी पुसायची फडकी. चोपड्याहून तिला बघायला आलेली मंडळी ओट्यावरचा तो ढीग पाहून चहा अर्धाच ठेवून उठली होती. 'पोतेरंवाल्यांची पोर…' जाता जाता कुणीतरी म्हणालं होतं, ते अजून कानात होतं.

"आमचं… लुगड्यांचं काम आहे."

"म्हणजे विणता? हातमागावर?" नवलचे डोळे लकाकले.

नाही म्हणायला एका श्वासाची गरज होती. तो श्वास तिनं घेतला… आणि हळूच मान डोलावली.

अर्जात विणकाम पडलं. नवलनं खिशातली मूठभर बोरं तिच्यापुढे धरली. "माझी आई अजून नऊवारी लुगडंच नेसते. तिच्यासाठी एक विणाल?"

आता काय करावं? दिपमालानं धुळ्याच्या बाजारातून हिरवं लुगडं घेतलं आणि वरची दुकानाची चिठ्ठी नखानं खरवडून काढली. ते द्यायला आली, तेव्हा नवल काठावरून बोट फिरवत राहिला.

"हात दुखले असतील?"

"थोडे…"

"बघू?"

"इश्श! हात काय बघायचे?"

"डोळ्यांत बघितलं तर तुम्ही खाली बघता. मग राहिलं काय?"

ती हसली. पण सुईनं टोचलेली बोटं मात्र तिनं ओढणीत लपवली. त्यानंतर नवलचे फोन यायचे, ती जळगावला यायची निमित्तं शोधायची. त्याचा आवाज ऐकला की जीव फुलायचा आणि लगेच काळवंडायचा. तो जिच्याशी बोलतोय, ती आपण नाहीच!

देवळातल्या हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी कीर्तनाआधी तो लगबगीनं आला. "सरकारी दवाखान्याला पोतेरी हवीत. फक्त महिलांच्या उद्योगांकडून घेणार आहेत. तुमच्याकडे कुणी शिवतं का हो?"

 दिपमालाच्या गावात सोबत शिवणारी कमलबाई आणि बाकीच्या बायका काम नाही म्हणून बसून होत्या.

"विचारून… सांगते."

कीर्तनाला बायकांच्या रांगेत नवलची आई, ताईबाई, तेच लुगडं नेसून बसली होती. शेजारणीला पदर दाखवत ती अहिराणीत दिपमालाच्या विणकामाचं कौतुक करू लागली, "बठ्ठं सोता इनेल शे हाई पोरनी!"

धरणी दुभंगावी असं दिपमालाला झालं. तेवढ्यात कीर्तनकार बुवांनी टाळ थांबवले. भक्ताच्या घरी देव कावडीनं पाणी आणतो, ती कथा रंगात आली होती. "मंडळी, देवानं पाणी आणलं. सांडलंही असेल! मग ते पुसलं कुणी? की पुसायची देवाला लाज वाटली?"

मंडप खदखदून हसला. दिपमालाच्या डोळ्यांना धारा लागल्या.

कीर्तन संपल्यावर चपलांच्या ढिगाजवळ तिनं नवलला गाठलं. "मी विणत नाही. पोतेरी शिवते. लुगडं बाजारातलं आहे… मला लाज वाटली हो."

 नवल टाळ छातीशी धरून निघून गेला. तो परतीचा प्रवास तिनं खिडकीला कपाळ टेकवून केला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तो नाही बोलला तरी चालेल, पण बायकांचं काम जायला नको. नवल टेबलाशीच होता. तिला पाहून त्यानं संगणक तिच्याकडे वळवला. दुरुस्तीचा अर्ज उघडा होता.

"तुम्हीच लिहा."

तिनं लिहिलं. फरशी पुसायची पोतेरी.

"मला खोटं लागलं," तो हळूच म्हणाला. "पोतेरं नाही."

"माहीत आहे… म्हणून तर मान वर होत नाही."

"आणि आईला कोण सांगणार?"

"मीच सांगेन. आजच."

"मग घरी यावं लागेल." त्याच्या ओठांच्या कडेला हसू आलं. "कोण म्हणून येणार?"

दिपमालानं पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं. गाल लाजेनं तापले होते. पण ही लाज निराळी होती.

"आज पोतेरंवाली म्हणून येते… उद्याचं तुम्ही विचारा ना!"