हिराफळीचं खारट पाणी

"तुझं पाणी माझा रंग खातंय, बाई! आणि वर मलाच विचारतीस, मामा तुम्ही काय घातलंत म्हणून?"

नरसय्यामामांनी ओली चादर मुमताजच्या टेबलावर आपटली. काल लालभडक रंगात घातलेली, आज तापातून उठलेल्या माणसाच्या ओठांसारखी. मामा चाळीस वर्षं आमच्या सोलापूरच्या रंगखान्यात रंगमास्तर, मी त्यांच्या हाताखाली. फिकं काम त्यांच्या हातून कधी गेलं नव्हतं.

मुमताज बागवान इथली रसायनवाली. २०४१ पासून रंगाचं पाणी नाल्यात सोडायला बंदी, म्हणून वापरलेलं पाणी साफ करून परत वापरायला तिनंच हिराफळीची टाकी बसवली. आज सकाळी मालक बोलून गेला, आजचा लॉटही फिका निघाला तर फळ्या उद्या भंगारात. मग पाणी नाही, म्हणजे रंगखान्याला कुलूपच.

"पाणी बघितलंत ना मामा? काचेसारखं आहे."

"बघितलं. चाखलं पण. मस्त खारट! रंग धरायला मीठ लागतंच, म्हटलं आयतं आलं. तेच घेतलं."

"थेट टाकीतलं? अहो, वास नाही आला?"

तपकीर ओढून ओढून मामांचं नाक कधीच मेलंय. सगळ्या रंगखान्याला माहीत, तिला सोडून.

मुमताज खुर्चीत बसली. "ऐका. फळीवर हिऱ्याचा पातळ पापुद्रा आहे. वीज सोडली की तिथं पाण्यातून तोडकण निघतात. रंग, साबण, तेल, सापडेल ते फाडतात आणि क्षणात स्वतः संपतात. पण वापरलेल्या पाण्यात तुमचं मीठ असतं. वीज त्याचा क्लोरीन करते. तो संपत नाही, पाण्यात बसून राहतो."

"आणि माझा रंग खातो."

"हो. आधी सांगायला हवं होतं, माझं चुकलं. त्याच्यावर औषध मागवते, दोन आठवड्यांत..."

"दोन आठवडे? मालक उद्या फळ्या उपटतोय!"

मामा तरातरा टाकीकडे गेले, मागनं ती. कठड्यावर कुणीतरी कोऱ्या सुताची लड टाकलेली, निम्मी पाण्यात. वरचा भाग मातकट, बुडालेला पांढराशुभ्र. मामांनी लड उचलून उजेडात धरली.

"बाई, रंगाआधी कोरं सूत आपण कशात धुतो?"

"ब्लीचिंगच्या..." ती थांबली.

"मग हे भुकेलं पाणी आधी तिकडं सोड की! पोट भरलं की रंगाला तोंड लावणार नाही."

मुमताजला हसूच आलं. "आणि मामा, पोट भरलं की त्या क्लोरीनचं परत मीठच होतं!"

दुपारी टाकीचं पाणी धुलाईच्या हौदात गेलं. सूत पांढरं झालं. उतरलेल्या पाण्यात मुमताजनं तपासणीचा कागद बुडवला, त्याला रंग चढला नाही. म्हणजे क्लोरीन संपला. मामांनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट," म्हणाले आणि लाल रंग ओतला.

पाच वाजता चादर बाहेर आली. मालकानं ती उन्हात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि घडी घालून काखेत मारली. फळ्यांचं नावच काढलं नाही.

आता मामांचं नवीन सुरू झालंय.

"एवढीशी टाकी कुणी बसवली गं? धुलाईला पाणी पुरत नाय!"

"सकाळी हेच पाणी रंग खात होतं ना मामा?"

"सकाळचं सकाळी! दुसरी टाकी कधी?"

ती मोजपट्टी शोधतेय, मामा माझ्या नावानं ओरडतायत. पट्टी माझ्याच खिशात आहे. मला आता निघायला हवं.