गेरूचे हात

आम्ही निघालो होतो एक भिंत शोधायला. म्हणजे शोधायची होती बापाकना. माझ्या तर तिची वाट पायाखालची होती. तिचं काय झालंय तेही मला ठाऊक होतं, तरी मी तोंडात मिठाची गुळणी धरून होडी हाकत होतो.

बापाक, म्हणजे आमच्याकडचं ‘साहेब’. बापाक सुदिब्यो म्हणजे सबंध इंडोनेशियाला आदिमानव शिकवणारा माणूस. दर रविवारी सकाळी ते रेडिओवर बोलत आणि आमच्या गावात बायका मासे साफ करता करता ऐकत. बत्तीस वर्षांपूर्वी माझ्या बापानं त्यांना आमच्या डोंगरातली एक गुहा दाखवली होती. भिंतीवर हात टेकवून भोवती गेरू फुंकलेला, असे शेकडो हात! परतताना होडी उलटली आणि फोटो नदीनं नेले. जकार्तातले विद्वान हसून म्हणायचे, "सुदिब्यो गोष्टी छान सांगतात." पुन्हा मोहीम कुणी मंजूर करेना. आता बहात्तराव्या वर्षी, एक डोळा गेलेला आणि दुसरा जायच्या वाटेवर असताना, ते एकटेच आले होते. नजर आहे तोवर फोटो हवा होता. नाहीतर जन्मभराची थाप म्हणून तो गेरू त्यांच्या नावाला चिकटणार होता.

"बापाक, मधोमध बसा," माझा मेहुणा लेंचाउ म्हणाला. "तुमची मागची होडी उलटली ते रेडिओवर ऐकलंय आम्ही."

तिसऱ्या धबधब्याशी नदीनं आम्हाला धरलंच. होडी आडवी झाली. मी बांबू रोवला. बांबू मोडला! पाणी आत. लेंचाउनं उडी घेतली, खडकाला दोर अडकवला. तांदूळ वाहून गेला, मीठ गेलं, पण कॅमेऱ्याची पिशवी बापाकनी छातीशी कवटाळली होती. काठावर त्यांनी आधी कॅमेरा पुसला, मग स्वतःचं तोंड. तेव्हाच मी सांगायला हवं होतं.

पुढे दोन दिवस पायी. खायला ताडाचे कोंब आणि नदीतल्या गोगलगायी. जळवांनी बापाकचे पाय रक्तबंबाळ केले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा घोटा मुरगळला. लेंचाउनं त्यांना वेताच्या पाटीत बसवून पाठीवर घेतलं.

"जड होतोय का मी?"

"तांदळापेक्षा हलके आहात. पण तांदूळ बडबड करत नाही."

बापाक हसले.

गुहेत शिरल्यावर त्यांनी टॉर्च अगदी भिंतीला टेकवली. वर पाहिलं, खाली पाहिलं, मग बोटांनी चाचपलं. पिवळट पापुद्रे, त्याखाली तांबडा चिखल.

"उसाट, ही ती भिंत नव्हे."

"हीच आहे."

"मग हात कुठायत?"

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. "बापाक, तुम्हीच रेडिओवर म्हणालात, हे तुमच्या आज्या-पणज्यांचे हात. माझ्या आईनं ऐकलं. आजा भेटल्यावर नुसतं बघून कोण परततं? तिनं तांदळाचं पीठ हळदीच्या पाण्यात कालवून एकेका हाताला लावलं. नव्या नवरीला, नव्या होडीला लावतो ना, तसं. मग दर कापणीनंतर सगळा गाव यायला लागला."

"किती वर्षं?"

"सव्वीस. झिजतायत हे कळलं तोवर उशीर झाला होता. मग तुम्हाला सांगायची लाज वाटली."

बापाक खाली बसले. इतका हरलेला माणूस मी आजवर पाहिला नाही. "म्हणजे मीच पुसले," ते म्हणाले.

लेंचाउ उगाच छतावर टॉर्च फिरवत होता. "वर काहीतरी तांबडं आहे," तो म्हणाला. तिथं बाजारात विकायला पाखरांची घरटी काढायची जुनी वेताची शिडी लोंबत होती. माझ्या बापाच्या हातची.

मी कॅमेरा गळ्यात घालून चढलो. वेत कुजलेला. एक पायरी तुटली! दुसरी तुटली! एका हातावर लोंबकळलो. खाली काळोख, वर पाखरांचा कालवा. गुडघा कपारीत रुतवला आणि वर पाहिलं. एक हात. अख्खा, कालच उमटवल्यासारखा.

"आहे, बापाक. लहान आहे, बाईचा असेल. करंगळी वाकडी आहे."

"पीठ?"

"इथवर आई चढली नाही."

खालून त्यांचा हुंदका ऐकू आला. आंधळ्या होत चाललेल्या डोळ्यांनी ते वर बघत होते, आणि त्यांना काहीही दिसत नव्हतं.

"काढ ना फोटो," लेंचाउ म्हणाला. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

"थांब." बापाक म्हणाले. "फोटो छापला की मी बोलणार. गप्प बसणं मला जन्मात जमलं नाही, उसाट. मी बोललो की लोक येणार. शिड्या घेऊन येणार, आणि प्रेमानंच येणार." मग ते म्हणाले, "खाली ये. शिडी तोडून टाक."

मी उतरलो. बापाच्या हातचे वेत कोयत्यानं तोडताना माझे डोळे भरून आले. आम्ही तिघं जिवंत परतलो, एवढंच.

महिन्याभरानं रविवारी ते रेडिओवर शेवटचं बोलले. म्हणाले, "भिंत सापडली नाही. बहुधा माझा भ्रम होता." त्या आठवड्यात जकार्ताच्या वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टर उडवली.

त्या रविवारी आई माशांची सुरी खाली ठेवून ऐकत होती. "खोटं का बोलतोय रे तो?" तिनं विचारलं. मी तिला सगळं सांगितलं.

ती उठली. वाटीत पीठ घेतलं, हळदीचं पाणी ओतलं आणि भरला तळहात रेडिओवर, त्यांचा आवाज येत होता तिथं, टेकवला. रेडिओ खराब होईल हे मला कळत होतं. मी तिला अडवलं नाही.