कोपऱ्यातली घागर

पोरीला कॉलेजात टाकणं हे एकच काम असतं, असं मला वाटायचं. ती दोन असतात. एक ॲडमिशन, आणि दुसरं तिच्या राहण्याची सोय. पहिलं तिच्या मार्कांवर होऊन गेलं. दुसऱ्यासाठी मला जूनच्या उन्हात जळगाव पालथं घालावं लागलं, आणि त्याचीच ही हकिगत आहे. बसा जरा जवळ, मला फार मोठ्यानं बोलवत नाही हल्ली.

मी एसटीत ड्रायव्हर, दोंडाईचा डेपोला. त्या दिवशी पहाटे पुण्याहून आलेली गाडी डेपोत लावली, तोंडावर पाणी मारलं आणि पोरीला, भूमिकाला, घेऊन तसाच भुसावळच्या पॅसेंजरमध्ये बसलो. डोळ्यांना रात्रभराच्या जागरणाची आग होती. निघताना आमची लिलाबाई एवढंच म्हणाली, "होस्टेलच बघा हं. परक्याच्या घरात पोर ठेवायची नाही." मी मान हलवली. तेवढं हलवायला जमत होतं.

कॉलेजच्या ऑफिसात क्लार्कने यादीवरून पेन फिरवलं. मुलींचं होस्टेल भरलेलं.

"एका रूममध्ये दोन कॉट अडकून पडलेत नाना," तो म्हणाला. "दोन्ही मुली अजून आल्या नाहीत. चारपर्यंत वाट बघतो. नाही आल्या तर तुमच्या मुलीचं होईल. पण भरवसा धरू नका, बाहेरही बघून ठेवा."

चार वाजायला चार तास होते. गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानावर एक कागद चिकटवलेला होता : 'मुलीसाठी खोली, घरगुती जेवण, मेहरूण.' खाली नंबर. फोन लावला आणि रिक्षा केली.

घर मेहरूण तलावाच्या मागच्या अंगाला, गल्लीच्या अगदी टोकाला. घरमालकीण प्रमिलाबाई साठीच्या, एकट्याच राहणाऱ्या, बोलायला गोड.

"कोठला तुम्ही भाऊ?"

"दोंडाईच्याचा."

"मंग आपलाच की. ये बेटा. बठ्ठं आठेच शे, सगळं इथंच. कॉट, टेबल, पंखा. तू फक्त तुझी पुस्तकं लई ये."

खोलीत पाय टाकला आणि मी थांबलोच. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि आत कूलर नसताना गारवा. भिजलेल्या मातीचा वास येत होता. कॉटवर धुतलेली चादर, टेबलावर बारावीची पुस्तकं ओळीने लावलेली, आणि कोपऱ्यात तीन विटांवर एक मातीची घागर. वर ताटली झाकलेली, ताटलीवर पेला पालथा.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, म्हणजे माझी चूक तुम्हाला कळेल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर भरतो. तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतो, आंबे ठेवतो, पूजा करतो. सण झाला की डांगर कापून खातो, आणि तीच घागर पुढे उन्हाळाभर घरात पाणी प्यायला वापरतो. आमच्याकडे घरोघरी असंच आहे. या घागरीवर डांगर नव्हतं. पूजा झालेली घागर आहे, प्यायचं पाणी आहे, असं मी धरलं. दुसऱ्या मुलखातल्या माणसानं निदान विचारलं तरी असतं.

बाई भूमिकाला गच्ची दाखवायला घेऊन गेल्या. मी एकटाच होतो. घसा असा सुकला होता की थुंकी गिळवत नव्हती. पेला घेतला, बुडवला आणि प्यालो. इतकं गोड पाणी मी जन्मात प्यालो नव्हतो. दुसरा पेला घेतला. तिसरा पिताना मला जाणवलं, की माझ्या प्रत्येक घोटामागून आणखी एक घोट ऐकू येतोय... रिकामा घोट. पाणी नसताना नुसताच घसा हलल्यासारखा.

मी थांबलो. तोही थांबला.

मग मागून, कॉटच्या बाजूनं, कोरड्या टाळूला जीभ चिकटून सुटावी तसा बारीक आवाज आला. एकदा... परत एकदा. मी वळून बघितलं. कॉटवर कोणी नव्हतं. रात्रभर गाडी हाकली की कानात काहीबाही वाजतं, असं मनाशी म्हणालो, ताटली झाकली आणि पेला पालथा ठेवला.

दोघी खाली आल्या. प्रमिलाबाईंची नजर सरळ कोपऱ्यात गेली. त्यांनी ताटली उचलून आत बघितलं.

"भाऊ... ह्यातलं पाणी पेलात का तुम्ही?"

काय सांगू तुम्हाला! पन्नाशीचा माणूस मी, पोर शेजारी उभी, आणि न विचारता परक्याच्या घरात तीन पेले पाणी ढोसलेलं. लाज वाटली. तोंडातून निघून गेलं, "नाही बुवा."

"पेलं असलं तर राग नाही भाऊ. फक्त सांगा. लगेच तिचं नाव घेऊन भरावी लागते."

"कोणाचं नाव?" भूमिकानं विचारलं.

"माझ्या दीपमालाचं. ही तिचीच खोली. बारावीचे पेपर झाले आणि पोटात काहीतरी फुटलं तिच्या. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरनं पाणी बंद केलं. रात्रभर पाणी मागत होती पोर. मी डॉक्टरचं ऐकलं, घोटभरसुद्धा दिलं नाही. पहाटे गेली." बाई घागरीकडेच बघत होत्या. "दरवर्षी नवी घागर भरते आणि वर्षभर कोरडी होऊ देत नाही. पाणी आहे तोवर ती इथं राहते. दुसऱ्या कोणी पेलं तर त्याच्या घरादाराच्या मागं लागंल. तहान लागलेलं माणूस घरात बसत नाही भाऊ."

खरं सांगायची हीच वेळ होती. जिभेवर आलं होतं हो! पण एकदा नाही म्हटलं की माणूस त्याच गेअरमध्ये पुढं जातो. पोरीसमोर खोटा कसा पडू? मी नुसता घाम पुसत राहिलो.

रिक्षात भूमिका म्हणाली, "नाना, खोली छान आहे. आणि आजी एकट्या आहेत. मी राहते ना इथं."

"तिथं नाही," मी म्हटलं.

"का पण?"

"तुझी आई नाही म्हणाली."

चारला कॉट मिळाली. तीन कॉटची रूम, एकीवर धरणगावची शिल्पा, एकीवर भूमिका, आणि तिसरी रिकामीच. उंच भिंत, गेटवर वॉचमन, नाव लिहिल्याशिवाय कोणाला आत सोडत नाहीत. मी ते सगळं दोनदा बघितलं. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकलं आणि पोर सुरक्षित जागी ठेवली या समाधानात दोंडाईच्यापर्यंत झोपलो.

आठ दिवस बरे गेले. मग फोनवर भूमिका म्हणाली, "नाना, उशाशी बाटली भरून ठेवते, ती सकाळी रिकामी असते. शिल्पा म्हणते, मी नाही प्यायले." मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि गाडी चालवताना मला ती घागर आठवली. डेपोत आलो आणि प्रमिलाबाईंना फोन लावला.

"अक्का, मी दोंडाईच्याचा धनसिंग. घागर... कशी आहे?"

"भरलेली आहे भाऊ," बाई हळू बोलत होत्या. "रोज सकाळी चार बोटं कमी व्हायची. तुम्ही येऊन गेलात तेव्हापासून कमीच होत नाही. जशीच्या तशी."

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं.

"तेव्हाच सांगायला हवं होतं हो भाऊ... मी लगेच भरली असती," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

मी तसाच भूमिकाला फोन लावला. उचलला तिनं. आवाज बसलेला, कोरडा.

"बरं नाही का गं?"

"बरी आहे नाना. पाणी संपलंय नुसतं. अहो, तिसऱ्या कॉटवर मुलगी आली. शिल्पा घरी गेलीय ना, बरं झालं सोबत मिळाली."

"कुठली आहे?"

"मेहरूणची. जळगावातलीच असून होस्टेलला कशी, असं मी विचारलं, तर म्हणे तिथं आता तिच्या वाटचं पाणी राहिलं नाही."

"भूमिका, तू आत्ता खाली जा. वॉचमनपाशी जाऊन बस. मी निघतोय, समजलं का? आत्ताच्या आत्ता..."

"थांबा नाना, ती काहीतरी विचारतेय तुम्हाला." फोन जरा लांब गेला. कोरडी जीभ टाळूपासून सुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मग भूमिका परत बोलली, आणि तिच्या आवाजात हसू होतं.

"विचारतेय, तीन पेल्यांनी तुझ्या नानांची तहान भागली का?"